घरचा बैल आणि न दिसणारी जखम

मेळघाटात वाघाने माणूस मारला की बातमी पहिल्या पानावर येते. वनविभागाची माणसे धावतात, पिंजरे लागतात, गावात सभा होते. त्याच आठवड्यात अमरावती किंवा अकोल्याच्या एखाद्या गावात घरच्या बैलाने शिंग खुपसून मालकाला मारले, तर आतल्या पानावर चार ओळी येतात. गाव म्हणते, नशीब. घर म्हणते, "लेकरासारखा वाढोला होता त्याले. मारत नव्हता तो कोनाले." वाघाच्या बाबतीत नशीब कोणी म्हणत नाही, बंदोबस्त मागतात. बैलाच्या बाबतीत मात्र बंदोबस्ताचा विषयच निघत नाही.

पोळा आठ दिवसांवर आला आहे. वर्षभर गोठ्यात आणि वावरात असलेली जनावरे त्या दिवशी गर्दीत, डफड्यात आणि फटाक्यांत उभी केली जातात. हा विषय काढायला याहून बरी वेळ नाही.

सरकारी रुग्णालयाच्या अपघात कक्षात जनावराने मारलेला रुग्ण ही नवलाची गोष्ट नाही. गोठ्यात वैरण टाकताना कोणी भिंतीशी दाबला जातो. म्हशीचे पारडू बाजूला करताना कोणाच्या छातीवर लाथ बसते. गाडी जुंपताना कोणाच्या मांडीत शिंग जाते. यातल्या बहुतेकांना मारणारे जनावर ओळखीचे, दाव्याचे, हाताने चारलेले असते. कारण साधे आहे. परक्या सांडापासून माणूस लांबून जातो. घरच्या बैलाच्या पोटाखालून वाकून शेण ओढतो.

अमेरिकेतल्या आयोवा, कॅन्सस, मिसुरी आणि नेब्रास्का या चार राज्यांत २००३ ते २००८ या काळात गुरांमुळे झालेल्या २१ मृत्यूंचा तपास तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने केला होता. त्यातले १० मृत्यू एकट्या वळूने केलेल्या हल्ल्यात झाले होते. सुमारे एक तृतीयांश प्रकरणांत ते जनावर आधीही अंगावर आलेले होते आणि घरच्यांना ते ठाऊक होते. एक मृत्यू सोडला तर बाकी सारे डोक्याला किंवा छातीला बसलेल्या माराने झाले. तिथली शेते मोठी, गोठे लोखंडी, माणसे कमी. तरी चित्र आपल्याकडच्यासारखेच आहे. जनावराने आधी खूण दिली होती आणि माणसाने ती मनावर घेतली नव्हती.

या खुणा वऱ्हाडातल्या जुन्या धुरकऱ्यांना आणि गुराख्यांना पाठ होत्या. बैल किंवा सांड आधी आडवा उभा राहतो, आपले अंग किती मोठे आहे ते दाखवतो. पाठ कमानीसारखी करतो. मान खाली घालतो, खुराने माती उकरतो, नाकातून जोरात फुसकारतो. अशा वेळी पाठ फिरवून पळणे म्हणजे त्याला बोलावणे. त्याच्याकडे नजर ठेवून, हातवारे न करता, हळूहळू तिरपे मागे सरकायचे आणि मध्ये झाड, गाडी, भिंत असे काहीतरी घ्यायचे. हातातला शेला किंवा टोपी बाजूला फेकली तर त्याचे लक्ष क्षणभर तिकडे जाते. तेवढा क्षण पुरतो.

गुरांचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे त्यांना जवळजवळ चहूकडचे दिसते. दिसत नाही ते ऐन पाठीमागचे आणि नाकासमोरचे थोडेसे. खोलीचा अंदाजही त्यांना नीट येत नाही. म्हणून जमिनीवरची सावली, पाण्याचा ओघळ, वाऱ्यावर हलणारी प्लॅस्टिकची पिशवी पाहून बैल बुजतो. मागून न बोलता जाऊन पाठीवर हात ठेवणे धोक्याचे असते ते यामुळेच. जुनी माणसे गोठ्यात शिरताना "हो, हो" करत शिरायची. ती नुसती सवय नव्हती. शिवाय गाय-बैलाची लाथ पुढे आणि बाजूला वळून येते, घोड्याची सरळ मागे जाते. गायीच्या मांडीजवळ उभा असलेला माणूस स्वतःला सुरक्षित समजतो आणि नेमका तिथेच सापडतो.

लेकरासारखा वाढवलेला गोऱ्हा हा यातला सर्वांत अवघड विषय आहे, कारण तो भावनेचा आहे. आईवेगळा, कळपाबाहेर, माणसाच्या हातावर वाढलेला नर माणसालाच आपल्या कळपातला समजू लागतो. लहानपणी तो डोक्याने ढुशी देतो, घरातली पोरे हसतात, कपाळ खाजवून देतात. दोन-अडीच वर्षांनी अंगात रग आली की तीच ढुशी कळपात आपली जागा ठरवण्याची झुंज होते, आणि समोर दुसरा गोऱ्हा नसतो, घरातले म्हातारे आजोबा असतात. माणसाच्या हातावर वाढला म्हणून तो निर्धोक होत नाही, उलट त्याला माणसाचे भय उरत नाही. अशा गोऱ्ह्याला वासरांत वाढू द्यावे, कपाळाशी खेळू नये आणि जोताला लावायचा असेल तर खच्चीकरण पशुवैद्यकीय दवाखान्यात वेळेवर करून घ्यावे. ढुशीची सवय लागलेला जवान नर घरात म्हातारी माणसे आणि लहान पोरे असताना ठेवू नये, मग तो कितीही देखणा असो. हे ऐकायला निष्ठुर वाटते, पण अपघात कक्षाच्या दाराशी बसलेल्या कुटुंबाला पाहिल्यावर वाटत नाही.

व्यालेल्या गाय-म्हशीबद्दलही तेच. आपल्या भागातली नागपुरी म्हैस, जिला अचलपूरच्या जुन्या नावावरून एलिचपुरी असेही म्हणतात, लांब आणि मागे वळलेल्या शिंगांची असते. तिच्या आणि पारडाच्या मध्ये माणूस आला की ती मान फिरवते, आणि तेवढे पुरे असते. दूध काढणाऱ्या बाईला हे कळते. शहरातून सुट्टीवर आलेल्या नातवंडाला कळत नाही.

आणि हीच आजची अडचण आहे. ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या. अपघातही त्या प्रमाणात कमी व्हावेत असे वाटते, पण जनावराबरोबर जनावराची समजही घरातून जाते. ज्या घरात तीन पिढ्या बैल होते तिथे आता पोळ्यापुरता शेजारचा किंवा काकाचा बैल सजवला जातो, आणि कासरा धरणाऱ्या पोराने कधी तिफण धरलेली नसते. तो कासरा मनगटाला गुंडाळतो, म्हणजे सुटणार नाही. बैल बुजला की सुटायचे असते ते पोराला, आणि सुटता येत नाही. फरफटत जाऊन डोके दगडावर आपटते. कासरा मुठीत धरायचा, हाताला किंवा कमरेला कधीच गुंडाळायचा नाही, एवढी एक गोष्ट घरातल्या मोठ्यांनी पोळ्याच्या सकाळी सांगितली तरी पुष्कळ होईल.

पोळ्याचा दुसरा धोका शिंगाचा नाही, पाण्याचा आहे. बैल धुवायला नदीवर, तलावावर नेतात. श्रावण संपता संपता पाणी भरलेले असते, गाळ वाढलेला असतो, मुरूम काढून झालेले खड्डे पाण्याखाली लपलेले असतात. बैलाला पोहता येते, पोराला येत नाही. बैल खोलात गेला की पोरगा कासरा धरून मागे जातो. दरवर्षी या सणाच्या आसपास विदर्भात कुठे ना कुठे अशी बातमी येते. घरच्या बोअरवर पाइप लावून बैल धुतला तर सणाचे पावित्र्य कमी होत नाही.

तोरणाखाली बैल उभे राहिले की डफडे वाजणारच. डफडे बैलांच्या ओळखीचे आहे, पण ट्रॉलीवरचा डीजे आणि पायाशी फुटणारी लड त्यांच्या ओळखीची नाही. गावातल्या पोलीस पाटलाने आणि सरपंचाने तेवढ्या दोन गोष्टी तोरणापासून लांब ठेवाव्यात, आणि बैलांच्या रांगेसमोर मोबाइल घेऊन उभ्या राहणाऱ्यांना बाजूला करावे. वरातीतल्या घोडीलाही हाच त्रास होतो. नवरदेव वर बसलेला असतो आणि वऱ्हाडी मंडळी तिच्या मागच्या पायांशी नाचत असतात. घोडीच्या मागून जायचेच असेल तर एक तर अंगाला हात लावून अगदी चिकटून जावे, नाहीतर आठ-दहा फूट लांबून. मधल्या अंतरावर लाथेचा सगळा जोर बसतो.

शंकरपटाचे तर वेगळेच. तळेगाव दशासरचा पट विदर्भभर प्रसिद्ध आहे. २०१४च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अशा शर्यती थांबल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्राला पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. या सगळ्या वादात बैलाच्या हालांची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. आता परवानगी जिल्हाधिकारी देतात, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी होते. पण दाणीच्या कडेला दोरीपलीकडे उभ्या असलेल्या माणसाचे काय? सुटलेली जोडी सरळच धावेल असे नसते. मजबूत कठडा, कठड्यामागे रिकामी जागा आणि सुटायच्या व थांबायच्या टोकाला लहान मुलांना मज्जाव, हे परवानगीच्या कागदावर ठसठशीत लिहिलेले असावे आणि पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याने ते डोळ्यांनी पाहूनच सही करावी.

एवढे करूनही मार लागतो. आणि मग जे होते ते या साऱ्यापेक्षा जास्त माणसे गमावायला लावते.

बैलाने ढुशी मारली, माणूस खाली पडला, छातीवर-पोटावर पाय पडला. उठवले, पाणी पाजले, हळद लावली. रक्त नाही, जखम नाही. "काई नायी झालं, जरासा मुका मार हाय." माणूस खाटेवर पडून राहतो, संध्याकाळी थोडे जेवतो, रात्री तहान तहान करतो, घाम येतो, पहाटे बोलत नाही. चार-पाच क्विंटलच्या जनावराचा पाय पोटावर पडला की कातडी तशीच राहते आणि आतली प्लीहा किंवा यकृत फाटते. पोटात दोन-तीन लिटर रक्त जमले तरी बाहेरून पोट फारसे फुगलेले दिसत नाही. खुणा वेगळ्या असतात. चेहरा पांढुरका पडणे, हातपाय गार आणि ओलसर लागणे, नाडी वेगाने चालणे, उठून बसताच अंधारी येणे, लघवी कमी होणे, पोट ताठ लागणे. मार पोटाला बसलेला असताना डावा खांदा दुखू लागला तर ती प्लीहा फाटल्याची खूण असू शकते, आणि नेमके त्याच खांद्याला घरचे तेल लावून चोळत बसतात. कधीकधी प्लीहेवरचे आवरण काही दिवस रक्त धरून ठेवते आणि आठवड्याने फुटते. म्हणून जनावराने पोटावर किंवा छातीवर मारलेल्या प्रत्येकाची त्याच दिवशी तपासणी व्हावी, दुखत असो वा नसो. सोनोग्राफीला काही मिनिटे लागतात आणि पोटातले रक्त तिच्यात दिसते.

डोक्याचा मार याहून फसवा. घोड्याची किंवा बैलाची लाथ कानशिलावर बसली, पोरगा क्षणभर बेशुद्ध झाला, मग शुद्धीवर आला, बोलला, हसला, जेवला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कवटीच्या आतली रक्तवाहिनी तुटून मेंदूवर रक्त साचत असताना मधले काही तास असेच बरे जातात. मग डोके दुखते, उलटी होते, झोप येते आणि त्या झोपेतून पोरगा उठत नाही. वेळेवर कवटीला छिद्र पाडून ते रक्त काढले तर असे रुग्ण चालत घरी जातात. पोरगा बेशुद्ध होऊन शुद्धीवर आला असेल तर त्याला घरी झोपवायचे नाही, सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्यायचे.

शिंगाची जखम दिसते, पण तीही खोटी असते. बाहेर दोन बोटांचे भोक असते आणि आत बैलाने मान फिरवली तशा तीन वाटा गेलेल्या असतात. आतडे बाहेर आले असेल तर ते आत ढकलू नये. स्वच्छ ओल्या कापडाने झाकावे, गुडघे दुमडून आडवे झोपवावे, तोंडाने पाणीसुद्धा देऊ नये. जांघेतून रक्त उसळत असेल तर मूठ किंवा गुंडाळलेला शेला जखमेवर पूर्ण जोराने दाबून धरावा आणि रुग्णालयाच्या दारापर्यंत तो हात काढू नये. गाडीवरून पडलेल्याच्या मानेत दुखत असेल तर त्याला ऑटोत घडी करून बसवू नये, फळीवर किंवा खाटेवर सरळ न्यावे. १०८ला फोन करताना जनावराने मारले एवढेच न सांगता कुठे मारले आणि माणूस शुद्धीवर आहे का ते सांगावे. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि जखम उघडी ठेवायची की शिवायची हे डॉक्टरांवर सोडावे. शिंगावर माती आणि शेण असते, म्हणून गावात घाईने टाके घातलेली अशी जखम आत सडते.

स्पेनमध्ये शिंगाच्या जखमांचा अनुभव शतकांचा आहे. माद्रिदच्या लास व्हेंतास मैदानाबाहेर पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा पुतळा आहे आणि त्यांच्यापुढे टोपी उंचावून उभा असलेला बैलझुंजकार आहे. कारण त्याआधी जखमेने न मेलेली माणसे जखम सडून मरत. पण औषध असले तरी अंतर मारते. २६ सप्टेंबर १९८४ रोजी पोसोब्लांको या छोट्या गावात पाकिर्री या देशभर गाजलेल्या बैलझुंजकाराच्या मांडीत शिंग गेले, मोठ्या रक्तवाहिन्या फाटल्या, आणि कोर्दोबाच्या रुग्णालयाकडे नेताना त्याचा जीव गेला. धारणीहून अमरावतीला घाटाने सुमारे दीडशे किलोमीटर येणाऱ्या रुग्णाची गोष्ट वेगळी नसते, फक्त त्याचे नाव कोणाला ठाऊक नसते. उपजिल्हा रुग्णालयात शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि रक्त एकाच वेळी हजर असणे, हा या विषयावरचा सर्वांत महत्त्वाचा उपाय आहे, आणि तो शेतकऱ्याच्या हातात नाही.

एक गोष्ट मारापलीकडची. शांत बैल एकाएकी खायचे बंद करतो, आवाज बदलतो, लाळ गाळतो, अंगावर येतो. घशात काही अडकले समजून मालक तोंडात हात घालतो. हा रेबीज असू शकतो. हात घालू नये, पशुवैद्यकाला बोलवावे, आणि लाळ लागलीच असेल तर साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही.

रस्त्याचा विषय थोडक्यात. जून २०२२मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला, वेग वाढला, पण रात्री त्यावर येणारी काळी म्हैस आणि रोही तसेच राहिले. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५मध्ये महामार्गांवरची मोकाट जनावरे हटवण्याचे आदेश दिले आहेत. ते होईल तेव्हा होईल. तोवर बैलगाडीच्या मागे आणि जनावरांच्या शिंगांना रेडियमची पट्टी लावायला काही रुपये लागतात, आणि दुचाकीवरच्या हेल्मेटचा उपयोग रोह्याच्या धडकेतही तेवढाच होतो.

मृत्यू झालाच तर पुढे कागद सुरू होतात, आणि तिथे वऱ्हाडाने बोलायला हवे असे बरेच आहे. वाघाने, अस्वलाने किंवा रानडुकराने मारले तर वनविभागाकडून वारसांना २५ लाख रुपये मिळतात. बैलाने मारले आणि मृताच्या नावावर सातबारा असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूसाठी २ लाख आहेत. खातेदाराबरोबर कुटुंबातल्या आणखी एका सदस्यालाही ती लागू आहे. मात्र पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो, आणि "घरच्याच बैलाने मारले, पोलिसांत कशाला" म्हणून घाईने अंत्यविधी उरकणाऱ्या घराचा हक्क तिथेच जातो.

पण गोठ्यात सर्वांत जास्त वेळ असतो तो सालदार. त्याच्या नावावर सातबारा नाही. मालकाचा बैल त्याच्या पोटात शिंग घालतो तेव्हा तो या योजनेत शेतकरी नसतो, आणि त्याच्या घरावर दारिद्र्यरेषेचा शिक्का असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार, एवढेच हाती येते. एका गोठ्यात, एकाच बैलाच्या शिंगाने मेलेल्या दोघांमधला हा फरक शासनाने काढून टाकावा. शेतात राबणारा, मग तो खातेदार असो वा मजूर, या योजनेत आला पाहिजे.

तोवर मालकाच्या हाती एक गोष्ट आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे. वय १८ ते ७०, बँकेत खाते हवे, अपघाती मृत्यूला २ लाख. पोळ्याला सालदाराला नवे कपडे करतात, जेवू घालतात, तेव्हा त्याच्या हातावर तो अर्जही ठेवावा आणि हप्ता मालकाने भरावा. या विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असते. आता भरलेला अर्ज पुढच्या मेअखेरपर्यंत चालेल, नंतरचे २० रुपये खात्यातून आपोआप वळते होतात, फक्त मे महिन्यात खात्यात तेवढी रक्कम आहे ना, हे पाहायचे.